दोन भावांमधला आडोसा

मित्रांनो, माझ्या अंगावर साडेतीन दात, अर्धा ओठ आणि हनुवटीवरचा एक तीळ आहे. त्यातलं काहीही माझं नाही. ते सगळं निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका माणसाचं. मी एक जुना आडोसा आहे. त्या माणसाच्या प्रचाराच्या फलकातून मला कापून काढलं, म्हणून हे अर्धं हसू माझ्या वाट्याला आलं. आत नळ्या नळ्या असलेला पोकळ प्लास्टिकचा पुठ्ठा तुम्ही पाहिला असेल. ऊन-पाऊस सोसणारा तोच मी. उंची वीतभर, रुंदी त्याहून थोडी कमी. एवढाच माझा पसारा. पण एवढ्याशा अंगानं मी किती वर्षं काय अडवून धरलं, आणि एके दिवशी कसा कमी पडलो, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

थायलंडमधल्या नाखोन पाथोम शहराच्या बाहेर, कालव्याच्या काठावर ता येम यांचं लाकडी घर आहे. ता म्हणजे आजोबा. त्यांच्या मुलीची मुलगी दाओरुंग त्यांना ता म्हणायची, म्हणून हळूहळू सगळा काठच त्यांना ता म्हणू लागला. निवडणूक संपून महिना झाला तरी हरलेल्या उमेदवाराचे फलक खांबांवर तसेच लटकत होते. ता येम गावच्या मुखियाला विचारून आले आणि सहा फलक सायकलला बांधून घरी घेऊन आले. शेजारी पा लमाई, म्हणजे लमाईमावशी राहतात, नारळाच्या वड्या करून विकतात. त्या कुंपणावरून ओरडल्या, "अहो पी येम, हरलेल्या माणसाला घरी कशाला आणलंत?" पी म्हणजे दादा.

"निवडून आला असता तर आला असता का माझ्या हाताला?" ता म्हणाले. "हरला म्हणून कामाला लागतोय."

त्यांनी ओसरीवर बसून पट्टी लावून आम्हाला कापलं. दोनशेच्या आसपास तुकडे झाले. कुणाच्या वाट्याला कान आला, कुणाला नुसतंच पांढरं अंग. मला हसू मिळालं. ते मला हातात धरून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "तू पहिल्या फळीवर, दाराजवळ. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत राहा." माझा जन्म असा झाला.

आता माझं काम सांगतो. घरामागे पत्र्याच्या छपराखाली फळ्याच फळ्या होत्या आणि त्यांवर दोनशे चपट्या. हो, दारूच्याच रिकाम्या चपट्या. ता आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. पण चपट्या बाटल्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात, जागा खात नाहीत, म्हणून ते त्या गोळा करायचे. पा लमाई म्हणायच्या, "तुमच्याकडे आहेत तेवढ्या चपट्या गुत्त्यातसुद्धा नसतील. आणि मालक मात्र कोरडाच!" प्रत्येक चपटीत देशी बदामाच्या वाळक्या पानानं तांबूस झालेलं पाणी, आणि त्यात एक एक लढाऊ मासा. तुमच्याकडे त्याला बेट्टा म्हणतात आणि काचेच्या पेल्यातून विकतात. या माशाला दुसऱ्या नराचं तोंड दिसलं की त्याचं डोकं फिरतं. मग तो कल्ले फुगवतो, शेपूट पसरतो आणि काचेवर धडका मारत राहतो. म्हणून दोन चपट्यांच्या मध्ये आमच्यातला एक जण उभा.

दिवसभर उभंच राहायचं, असंही नव्हतं. सकाळी भिक्षूंच्या पात्रात भात वाढून झाला की ता काळ्या कॉफीचा पेला घेऊन छपरात यायचे. पेला स्टुलावर ठेवायचे आणि आम्हाला एकेक करून उचलायचे. मग सगळे शेजारी एकमेकांना दिसायचे आणि रंगांची नुसती दंगल उडायची. काचेच्या अल्याडपल्याड चाललेला तो रुबाब माशांच्या अंगाला बरा, पिसारा मोकळा होतो. पण किती वेळ? तर कॉफी पिण्याइतकी निवेपर्यंत. पहिला घोट घेतला की ता म्हणायचे, "पुरे रे, झाला रुबाब. आता गप जेवा." आणि आम्हाला परत उभं करून डासांच्या अळ्या वाढायचे.

ता तरुणपणी मासे झुंजवायचे, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. छपरात एकटे असले की ते आमच्याशी बोलत. त्यांचा एक मासा झुंज जिंकला होता, पण त्याचा जबडा तुटला होता. त्याला खाता येईना. तरी ता जवळ गेले की तो काचेशी यायचा. असा आठ दिवस आला. "नवव्या दिवशी आला नाही," एवढंच ता म्हणाले, आणि आम्हाला फडक्यानं पुसू लागले. तेव्हापासून त्यांनी दोन मासे कधी एकत्र सोडले नाहीत. ही गोष्ट त्यांनी दाओरुंगला कधीच सांगितली नव्हती. सांगितली असती तर पुढचं टळलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

माझ्या डाव्या-उजव्या हाताला दोन सख्खे भाऊ होते. ता त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला शेवाळी निळा, धाकटा तसाच, फक्त त्याच्या शेपटीच्या कोपऱ्याला पांढरा ठिपका. ता वीस-बावीस पिढ्या जपत आलेला तो रंग होता आणि त्या रंगाचे हे दोघेच उरले होते. बघायला आलेली माणसं फोन काढायची आणि म्हणायची, "जरा तो पुठ्ठा बाजूला करा हो, फोटोत येतोय." शेजारचे मासे बदलत गेले, पण सात वर्षं मी हेच ऐकलं. माझा फोटो एकानंही काढला नाही. असो, रुसून सांगतो कुणाला!

आणि मग ती सकाळ आली. तांनी मला उचललं, कॉफीचा पेला स्टुलावर होता, आणि दुसऱ्या आडोशाला हात घालायच्या आधीच ते खाली कोसळले. मी त्यांच्या तळहाताखाली दाबला गेलो. त्यांचा श्वास मला लागत होता, पण हात हलत नव्हता. वर फळीवर दोघे भाऊ एकमेकांसमोर उघडे पडले होते. कॉफी निवली, तिच्यावर माशी बसली, तरी त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. पा लमाई वड्या घेऊन आल्या तेव्हा ऊन पत्र्यावर चढलं होतं आणि काचेला घासून घासून धाकट्याचं नाक सोलवटलं होतं.

तीन आठवड्यांनी ता दवाखान्यातून घरी आले. उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. तोंड एका बाजूला ओढलं होतं. आता आमच्या दोघांकडेही अर्धंच हसू होतं.

दाओरुंग बँकॉकला चपलांच्या मोठ्या दुकानात होती. नोकरी सोडून ती धावत आली. तिची आई लहानपणीच गेली, तिला तांनीच वाढवलं. दर रविवारी ती फोन करायची, पण यायचं तेवढं राहून जायचं. आता ती तांना भाताची पेज भरवायची, तोंड पुसायची, आणि रोज एकदा त्यांच्या कानाशी वाकून म्हणायची, "ता, एकदा नुसतं दाओ म्हणा. बाकी काही नको मला." ता तिच्याकडे बघत राहायचे. घशातून 'आ… आ…' असा आवाज निघायचा आणि विरायचा. मग ती बाहेर जाऊन भांडी घासायची, गरज नसलेलीसुद्धा.

एवढे मासे तिला झेपेनात. तांच्या एका जुन्या मित्रानं ते टोपल्या भरभरून नेले. पण थोरला आणि धाकटा निघाले, तेव्हा तांनी डाव्या हातानं पलंगाची दांडी अशी काही वाजवली, की त्या दोघांना ठेवावंच लागलं. पलंगावरून चपट्या नीट दिसत नाहीत म्हणून दाओनं बाजारातून काचेची मोठी टाकी आणली. मासेवाल्या कुआंगला तिनं विचारलं, "टाकीत एक लढाऊ मासा ठेवायचाय. त्याच्या सोबतीला कोण चालेल?"

"शेपूट मिरवणारा सोडून कुणीही," कुआंग म्हणाला. "लांब शेपटीचे गप्पी तर नकोच, आपलाच वैरी समजून फाडेल त्यांना. तळाशी गुमान राहणारे ने. हे बघ, उसाच्या कांड्यांसारखे पट्टेवाले. सहा ने, एकेकटे भितात बिचारे. लपायला लाकडाचं ढोलीवालं खोड ठेव. एक गोगलगाय ने. आणि दुसरा नर टाकायचा नाही, हे येमच्या नातीला मी काय सांगायचं!"

त्यानं सांगितलं आणि तिनं ऐकलं. पण नीट ऐकलं असतं तर, मित्रांनो, मी आज ही कहाणी सांगत बसलो नसतो.

सुरुवातीला सगळं छान चाललं. टाकीत थोरला सोडला. पहिला दिवस त्यानं पट्टेवाल्यांचा पाठलाग करण्यात घालवला, ते खोडाखाली घुसले, त्याला कंटाळा आला आणि विषय मिटला. तो वर वर हिंडायचा, ते तळाशी वळवळायचे, गोगलगाय काच चाटत फिरायची. कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. तांची नजर दिवसभर टाकीवर असायची. त्यांचा चेहरा जरा भरला. धाकट्याची चपटी टाकीला खेटून टेबलावर आणि मध्ये मी. उकाडा वाढला, वीज जायला लागली, तसं दाओ मला उचलून तांना वारा घालायची. वारा घालताना ती धाकट्यापुढे एक रुमाल उभा करायची. मला वाटलं, आता म्हातारपणी हेच हलकं काम आपलं. मला त्यात सुखही वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

पण पा लमाईंना एका गोष्टीनं घेरलं होतं. मनानं फार चांगली बाई, हे आधी सांगतो. तांसाठी रोज गरम काहीतरी घेऊन यायच्या. एके दिवशी त्या दाओच्या जवळ सरकल्या.

"राग नको मानूस पोरी. पी येमनी तरुणपणी मासे झुंजवले, ठाऊक आहे ना? त्या जिवांचं देणं उरलंय गं. त्या जिवांनीच जीभ धरून ठेवलीय पी येमची."

"पा, डॉक्टर म्हणाले की डोक्यातली शीर…"

"शीर तर आहेच. पण तीच का फुटली आणि बोलणंच का गेलं? आणि पुढेही बघ ना. सख्ख्या भावांना आयुष्यभर बाटल्यांत कोंडून ठेवायचं, मध्ये हा पुठ्ठा. भावाला भाऊ दिसू द्यायचा नाही! नव्या वर्षाचा सोंगक्रान आलाय. त्या दिवशी जीव मोकळे करतात. घाटावर सोडून ये दोघांना, पुण्य पदरात पडेल."

दाओनं टाकीकडे पाहिलं. घाटावर सोडले तर तांना दिसणार कसे? आणि ते मासे तर तांचा जीव की प्राण. पण भावाची गोष्ट तिच्या मनात रुतून बसली. लहानपणी तिनं स्वतः पाहिलं होतं, अंगणातल्या मातीच्या कुंडात एका घरट्यातले साठ साठ भाऊ एकत्र पोहताना. कुणी कुणाला चावत नव्हतं. ते खरंच आहे, मित्रांनो. एका कुंडात वाढणारे भाऊ तोवरच एकत्र नांदतात, जोवर त्यांना वेगळं केलेलं नसतं. एकदा चपट्या वेगळ्या झाल्या की ते भाऊ राहत नाहीत. पुढचं अर्धं दाओला ठाऊक नव्हतं. ते शिकायच्या वयात ती बँकॉकला गेली होती.

सोंगक्रानच्या सकाळी घर फुलांच्या वासानं भरून गेलं. पा लमाई चमेलीची माळ घेऊन आल्या. दाओनं तांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग ती उठली, धाकट्याची चपटी हातात घेतली आणि म्हणाली, "ता, आज मी यांना मोकळं करते. भावाला भाऊ भेटू दे. मग तुम्ही माझ्याशी बोला हं."

तांचे डोळे मोठे झाले. "आ… आ…" ते करू लागले. डावा हात त्यांनी झटक्यानं टेबलाकडे टाकला आणि मला पकडलं. मित्रांनो, त्या मुठीत केवढा जोर होता! त्यांनी मला उभं धरलं आणि टाकीच्या दिशेनं ढकलू लागले. पुन्हा पुन्हा. यापेक्षा स्पष्ट कुणी काय बोलणार? सात वर्षं आम्ही दोघांनी मिळून जे केलं, तेच ते सांगत होते.

"उकडतंय गं त्यांना," पा लमाई म्हणाल्या. "वारा घाल."

दाओनं धाकट्याला टाकीत ओतलं, तांच्या मुठीतून मला हळूच सोडवलं आणि वारा घालू लागली.

क्षणभर काहीच झालं नाही. दोघे भाऊ समोरासमोर स्तब्ध राहिले. "बघ, बघ, ओळखलं!" पा लमाईंनी हात जोडले. दाओच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या हातात वर-खाली होत होतो आणि प्रत्येक फेरीत मला टाकी दिसत होती. पहिल्या फेरीत कल्ले फुगले. दुसऱ्या फेरीत पट्टेवाले खोडाखाली पळाले. तिसऱ्या फेरीत थोरल्यानं धाकट्याचा जबडा धरला होता.

"आड!" ता ओरडले.

दोन महिन्यांतला पहिला शब्द. खणखणीत, घर दणाणून सोडणारा.

"बोलले!" पा लमाई किंचाळल्या. "बोलले गं, लागलं पुण्य! दाओ, बोलले!" दाओ तांच्या गळ्यात पडली. हसत होती, रडत होती, "परत बोला, ता, परत बोला," म्हणत होती. दोघींचीही पाठ टाकीकडे होती. ता तिच्या खांद्यावरून टाकीकडे बघत "आड, आड, आड" म्हणत होते, आणि ती प्रत्येक शब्दाला त्यांचा गाल कुरवाळत होती. आनंदाचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी तिच्या हातात होतो हो! फक्त मागे वळायचं होतं.

शेवटी तांनी डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड टाकीकडे वळवलं.

दाओ भानावर आली. कोपरापर्यंत हात घालून तिनं मला पाण्यात खुपसलं. मी पहिल्यांदाच पाण्यात उतरलो होतो. दोघांच्या मध्ये जाऊन मी उभा राहिलो. माझ्या एका बाजूला थोरला धडका देत राहिला. दुसऱ्या बाजूला धडक आली नाही.

धाकटा तिसऱ्या दिवशी गेला. तोवर त्याला परत चपटीत ठेवून दाओ शेजारी बसून होती. जबडा तुटलेला, खाता येत नव्हतं, तरी ती जवळ वाकली की तो काचेशी यायचा. त्याच वेळी ता पलंगावर तोंड भिंतीकडे करून पडले होते, आणि मला ठाऊक होतं की त्यांना काय दिसतंय. पा लमाई दारापर्यंत आल्या, वड्यांची ताटली उंबऱ्यावर ठेवली आणि परत गेल्या. "मी तांना बोलतं करायला गेले आणि…" दाओ एकदा म्हणाली. पुढचं वाक्य तिनं कधी पुरं केलं नाही.

मित्रांनो, मी अडाणी पुठ्ठा. मला एवढंच कळतं. कुणाला घरी आणाल, मग तो मासा असो की आणखी कुणी, तर त्याला कोण मानवतं आणि कोण नाही, ते आधी नीट विचारा. आपल्याला एकटं वाटतं म्हणून तोही एकटा आहे असं धरून चालू नका. मध्ये आडोसा आहे म्हणजे वैरच आहे, असं नसतं. काही वेळा आडोसा घालणाऱ्याइतकं प्रेम दुसऱ्या कुणी केलेलं नसतं. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्या हाताकडे बघत जा.

थोरला अजून आहे. शेपूट झडलेली, एका बाजूचा कल्ला आखूड. पट्टेवाले आणि गोगलगाय त्याच्या वाटेला जात नाहीत, तोही त्यांच्या जात नाही. टाकीला खेटून धाकट्याची चपटी तशीच उभी आहे, नुसतं तांबूस पाणी भरून. ती हलवायला गेलं की ता पलंगाची दांडी वाजवतात. रोज सकाळी दाओ काळी कॉफी करते, पेला स्टुलावर ठेवते आणि मला उचलते. थोरला धावत काचेशी येतो, उरलासुरला पिसारा फुलवतो आणि समोरच्या रिकाम्या पाण्याकडे बघत वाट पाहतो.

कॉफी निवते. तेव्हा ता तिच्याकडे वळतात आणि अडखळत, पण अगदी स्पष्ट म्हणतात, "दाओ."

मग ती मला परत जागेवर उभं करते.